सगळ्या गावाला आठवणारा खून

पडद्यावर जालिंदर ऐवळेने पाच किलोचं वजन उचललं आणि गुळाचे अडते धनपाल शेटे यांच्या डोक्यात घातलं. शेटे ढेपांच्या थप्पीवर आडवे झाले. माणदुर्गच्या स्मृत्यालेखन केंद्रातल्या त्या थंडगार खोलीत सगळे पडद्याकडे बघत होते. मग सोनाक्का ऐवळे, म्हणजे जालिंदरची सख्खी थोरली बहीण, खुर्चीवरून उठली आणि स्मृतिटोप घालून बसलेल्या प्रीतम कोष्टीच्या पाठीत तिने सणसणीत धपाटा घातला.

“मुडद्या, तुझ्याच वरातीत माझा भाऊ क्लॅरोनेट वाजवत हुता की रं! आनि तुझ्या डोस्क्यात ह्ये काय?”

“हुता ओ आक्का, देवाशपथ हुता!” प्रीतम टोप सांभाळत रडकुंडीला आला. “मला म्हाईत हाय त्यो हुता. पन आठवतंय ते ह्ये असं!”

“सोनाक्का, यंत्राला धक्का लागेल,” डॉ. वृंदा केळुसकर शांतपणे म्हणाल्या. त्या केंद्राच्या प्रमुख होत्या. त्यांना माणसांपेक्षा यंत्राची काळजी जास्त, असा गावात समज होता आणि तो अगदीच खोटा नव्हता.

प्रीतम हा बचाव पक्षाचा चौथा साक्षीदार. आधीच्या तिघांच्या डोक्यातूनही हाच खून निघाला होता. वास्तविक ज्या संध्याकाळी शेटे मारले गेले, त्या संध्याकाळी प्रीतमची वरात गावातून चालली होती आणि जालिंदर सगळ्यात पुढे गाल फुगवून वाजवत होता. शे-दीडशे माणसं त्याच्यासमोर नाचत होती. पण वरातीत नाचणारा माणूस घोड्याकडे बघतो, नवरीच्या मैत्रिणींकडे बघतो, फार तर स्वतःच्या पायांकडे बघतो. क्लॅरोनेटवाल्याकडे कोण कशाला बघतंय?

बाजाराच्या पहारेकऱ्याने मात्र अंधुक उजेडात कुणालातरी वजन उगारताना पाहिलं होतं. कुणाला, ते त्याला सांगता येईना. शेट्यांच्या मुलाच्या लग्नात जालिंदरने बेसूर वाजवलं म्हणून दोघांची भर मांडवात हमरीतुमरी झाली होती, ती पोलिसांच्या कानावर आली. त्यांनी पहारेकऱ्याला जालिंदरचा फोटो दाखवला, पुन्हा दाखवला, चहा पाजून आणखी दाखवला आणि मग स्मृतिदर्शी यंत्रापुढे बसवला. पडद्यावर जालिंदर उमटला. खरा खुनी कोण, हे शोधायच्या भानगडीत मग कुणी पडलं नाही.

स्मृतिसाक्ष्य कायदा तेव्हा नवानवा होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. माणूस खोटं बोलतो, आठवण बोलत नाही. पडद्यावर दिसलं की शंका संपली, आणि शंकाच संपली तर फाशी द्यायला हरकत काय? जालिंदरला फाशीची शिक्षा झाली. आता इतक्या वर्षांनी तारीखही लागली होती. शेवटची एकच वाट उरली होती, ती म्हणजे फाशीआधीची स्मृति-फेरतपासणी. तिच्यात बचाव पक्षाला आपल्या साक्षीदारांच्या आठवणी न्यायालयात दाखवता येत आणि न्यायाधीशांना वाटलं तर ते शिक्षा तिथल्या तिथे रद्द करू शकत. आज केंद्रात तिची रंगीत तालीम चालू होती, आणि ती अशी रंगली होती.

“यंत्र बिघडलंय,” वकील निरंजन बिडवे म्हणाले. ते फाशीविरोधी नागरिक समितीचे कायदेशीर सल्लागार, चिटणीस आणि नाटककार होते.

“यंत्र उत्तम आहे. डोक्यात जे आहे तेच ते दाखवतं,” डॉक्टर म्हणाल्या. “वकीलसाहेब, आठवण म्हणजे फोटो नव्हे. ती म्हणजे शिळा भात. दर वेळी बाहेर काढला की तुम्ही त्याला नव्याने फोडणी देता, हाताला लागेल ते त्यात घालता आणि उरलेला पुन्हा झाकून ठेवता. पुढच्या वेळी निघतो तो फोडणीचा भात. मूळचा भात कुठेच शिल्लक नसतो. आम्ही याला स्मृतीची पुनर्घडण म्हणतो.”

“पन ह्यानं खून बघितलाच न्हाई,” सोनाक्का म्हणाली. “भातच न्हाई तर फोडनी कशाला देतोय ह्यो?”

“ऐकलेलं, वाचलेलं, नाटकात पाहिलेलं, सगळं मेंदू एकाच फडताळात ठेवतो. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी असते. हे मी स्वतः पाहिलं, हे मला कुणी सांगितलं. वर्षं गेली की आधी चिठ्ठी गळते. बरणी राहते. यंत्राला बरणीतलं दिसतं, गळलेली चिठ्ठी दिसत नाही.” डॉक्टर थांबल्या. “या चौघांनी हा खून एखाद्या नाटकात वगैरे पाहिला असेल का?”

बिडवे वकील छताकडे बघू लागले. सोनाक्का बिडव्यांकडे बघू लागली.

‘न्यायाची वरात’ हे बिडव्यांचं पथनाट्य समितीने गेली कित्येक वर्षं माणदुर्गच्या प्रत्येक चौकात, प्रत्येक बाजाराच्या दिवशी आणि यात्रेत केलं होतं. पहिल्या प्रवेशात पोलिसांची खोटी कहाणी, म्हणजे खून. दुसऱ्या प्रवेशात सत्य, म्हणजे बिडव्यांचं राज्यघटनेवरचं भाषण. पहिल्या प्रवेशाला चौक भरून जायचा. बीटाच्या रसाचं रक्त उडायचं, बायका किंचाळायच्या, पोरं पुढे घुसायची. दुसऱ्या प्रवेशाला बिडव्यांनी घसा खाकरला की लोकांना एकाएकी घरची कामं आठवायची. गावाने खून शेकडो वेळा पाहिला होता आणि सत्य एकदाही पुरतं ऐकलं नव्हतं.

“पण नाटकात खुनी जालिंदर नसतो, आमचे बाजीराव असतात. पडद्यावर चेहरा जालिंदरचा कसा आला?” बिडव्यांनी शेवटचा बचाव केला.

“गावातल्या प्रत्येक भिंतीवर जालिंदरचा फोटो कुणी चिकटवला?” डॉक्टरांनी विचारलं.

‘निरपराध जालिंदरला वाचवा’ अशी ती भित्तिपत्रकं सोनाक्काने स्वतः खळ कालवून चिकटवली होती. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाल्यावर तिने दुसरं काही केलंच नव्हतं. नाटकाने लोकांना खून दिला आणि भिंतींनी चेहरा. मेंदूंनी दोन्ही जोडून टाकलं. सोनाक्का मटकन खाली बसली. भावाला वाचवायला तिने जिवाचं रान केलं होतं, आणि त्याच्या विरुद्ध सगळ्या गावाची साक्ष तिनेच तयार केली होती. ती रडली. डॉक्टरांना काय करावं कळेना, म्हणून त्यांनी यंत्राचा पंखा कमी केला.

“मॅडम, ह्ये भाताचं तुम्ही जज्जसाहेबांना सांगा की,” डोळे पुसून ती म्हणाली.

“सांगून झालं. तज्ज्ञांचं मत कायद्याला चालत नाही. स्मृतीला उत्तर स्मृतीनेच द्यायचं, असं कलम आहे. आमचं काम फक्त टोप घालायचं.”

दाराशी उभा असलेला बाजीराव चिकुर्डे पुढे आला. त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, पण तो स्वतःला नट समजायचा. पथनाट्यातला खुनी तोच.

“मला घाला टोप,” तो म्हणाला. “बघू तरी माझ्यात काय निघतंय.”

निघालं ते पाहून डॉक्टरसुद्धा खुर्चीत पुढे सरकल्या. पडद्यावर कुणाचा चेहरा नव्हता. खालून दोन हात आले, व्हार्निशने काळे पडलेले, उजव्या अंगठ्यावर डागाची खूण असलेले. ते बाजीरावचे हात होते. त्यांनी वजन पकडलं, उगारलं, आणि समोर धनपाल शेटे कोसळले.

“काय दनका दिलाय बघा!” बाजीराव खूश झाला. “आक्का, मान्य करा, रोलमधी जान वतलीया का न्हाई?”

“बाजीराव, ही कर्तृस्मृती आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “दुसऱ्याने केलेलं पाहिलं ती साक्षीस्मृती, स्वतः केलं ती कर्तृस्मृती. पाहणाऱ्याचा चेहऱ्यात गोंधळ होईल, स्वतःच्या हातांत कसा होईल, असं कायदा मानतो. म्हणून कर्तृस्मृती शेवटचा पुरावा. ही न्यायालयात दाखवली तर शेट्यांचे खुनी तुम्ही.”

बाजीरावचा रंग उतरला. शेटे मेले त्या दिवशी तो गावातही नव्हता, सोलापूरला तांब्याची तार आणायला गेला होता. तो बराच वेळ टोपाची वायर बोटाला गुंडाळत राहिला.

“आनि ही दाखवली तर जालिंदर सुटतोय?”

“सुटतो,” बिडवे म्हणाले.

“मग दावा.”

सोनाक्काच्या तोंडापर्यंत ‘हो’ आलं होतं. भाऊ सुटत होता. नुसती मान हलवायची होती. पण बाजीरावची बायको शेवंता त्याच्या मागेच उभी होती आणि तिने नवऱ्याचा शर्ट मुठीत घट्ट धरला होता. सोनाक्काला तो शर्ट दिसला.

“वा रे शहाण्या! एका निरपराधाच्या जागी दुसरा? आपली फाशीविरोधी समिती हाय का बदली गडी पुरवायचं दुकान?”

शेवंताने शर्ट सोडला, पदर खोचला आणि पुढे आली. “ह्यांना कावीळ झालती तवा सहा महिने खुनी मीच करत हुते. माझ्या डोक्यात बघा की काय हाय.”

शेवंताच्या डोक्यात हिरव्या बांगड्यांचे दोन हात होते. तिने घाव एकाच दणक्यात घातला. बांगडी एकही फुटली नाही.

“बघा, ह्यांच्यापरीस सफाईदार,” ती म्हणाली. बाजीरावला ते लागलं.

बिडवे वकील मात्र उठून येरझाऱ्या घालू लागले होते. माणूस एकदाच मरतो. घाव एकच आणि हातांच्या जोड्या दोन. अशा वेळी काय करायचं, हे कायद्यात कुठेच सांगितलेलं नव्हतं, कारण असं होईल हे कायदा करणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. “दोन्ही दाखवू,” ते म्हणाले. “दोघांना तर फाशी देता येणार नाही. मग तिसऱ्याला तरी कशी देतील?”

फेरतपासणी सत्र न्यायाधीश अनंतराव देशिंगकर यांच्यासमोर होती. जालिंदरला शिक्षा त्यांनीच सुनावली होती. त्यांचं ते निकालपत्र इतकं रसाळ होतं की नव्या न्यायाधीशांच्या प्रशिक्षणात ते शिकवलं जाई, आणि शिकवायला दर वर्षी तेच जात. माणूस प्रामाणिक होता. त्यांनी कधी कुणाचा चहासुद्धा घेतला नव्हता. स्वतःचं चुकत असेल, एवढं सोडून त्यांच्या डोक्यात काहीही येऊ शकत असे.

दालन माणसांनी गच्च भरलं होतं. समितीचे लोक हातात ‘फाशी नको’चे फलक घेऊन बसले होते. जालिंदर आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता. तुरुंगात त्याचे फुगरे गाल पार आत गेले होते, ते पाहून सोनाक्काने तोंड फिरवलं.

केंद्रात नोंदवलेली आठवण लागली आणि मोठ्या पडद्यावर बाजीरावने खून केला. मग शेवंताने खून केला. मागच्या बाकावरून कुणीतरी शिट्टी मारली, तिला पोलिसाने गप्प केलं.

सरकारी वकील मोहोळकर उसळून उभे राहिले. “साहेब, ही नटमंडळी आहेत! शेकडो वेळा खोटाखोटा खून केलाय यांनी, म्हणून आठवतोय!”

“म्हणजे न केलेला खून आठवू शकतो, हे सरकार पक्षाला मान्य आहे?” बिडव्यांनी नम्रपणे विचारलं.

मोहोळकरांनी सावरून घेतलं. “नटांना आठवू शकतो. भावनेच्या आहारी जाणाऱ्यांना आठवू शकतो. ज्यांच्या बुद्धीला शिस्त आहे त्यांच्या बाबतीत हे अशक्य!”

“अगदी बरोबर,” न्यायाधीश म्हणाले. “आणि हा मुद्दा आत्ताच्या आत्ता निकालात निघू शकतो. तो टोप इकडे आणा.”

“साहेब, एकदा विचार करा,” डॉक्टर केळुसकर म्हणाल्या. “न्यायालयात टोप चढला की उमटेल ते दप्तरी जमा होतं. पुसता येत नाही.”

“पुसायचं कशाला? मी ते नाटक पाहिलेलं नाही. भिंतींवरचे कागद मी वाचत नाही. या खुनाबद्दल माझ्या डोक्यात काही असलंच तर कागदपत्रं असतील. शिस्तशीर मेंदू कसा असतो ते एकदा या लोकांना दिसू द्या.”

टोप चढला. डॉक्टरांनी नियमाप्रमाणे फक्त दोन शब्द उच्चारले, “शेटे खून.”

पडद्यावर आधी खरोखरच कागद आले. मग ते विरळ झाले. मागे गुळाच्या ढेपा दिसू लागल्या, तराजू दिसला, पाठमोरे शेटे दिसले. आणि खालून दोन हात आले. काळ्या कोटाच्या बाह्या, पांढरे कफ, बोटात पुष्कराजाची अंगठी. हातांनी वजन उचललं, तोलून पाहिलं, पकड बदलली, आणि मग ते नेमकं जिथे बसायला हवं तिथे बसलं. यात बाजीरावचा आवेश नव्हता की शेवंताची सफाई नव्हती. यात अभ्यास होता.

सगळे पडद्याकडून न्यायाधीशांच्या हाताकडे बघू लागले. त्यांनी अंगठीचा हात हळूच टेबलाखाली नेला.

“यंत्र बिघडलंय,” ते म्हणाले.

“यंत्र उत्तम आहे, साहेब,” डॉक्टर म्हणाल्या. “निकालपत्र लिहिताना काय करत होता?”

“डोळे मिटून बसायचो,” देशिंगकर कसंबसं म्हणाले. “रोज संध्याकाळी. प्रत्येक खर्ड्याला. पुढे दर वर्षी शिकवताना पेपरवेट हातात घेऊन करूनही दाखवायचो. गुन्हेगाराच्या मनात शिरल्याशिवाय न्याय देता येत नाही, असं माझं मत आहे.”

“शिरलात, पण बाहेर यायचं राहिलं.”

“पण मी त्या दिवशी साताऱ्यात होतो! मेहुणीच्या मुलाची मुंज होती. पंक्तीत वाढत होतो मी. शंभर माणसं सांगतील!”

बिडवे वकील उभे राहिले. त्यांनी जालिंदरचं निकालपत्र उघडलं आणि आदराने वाचलं. “‘वरातीतल्या शंभर माणसांनी सांगितले तरी स्मृतीपुढे तोंडी हजेरीला कवडीची किंमत नाही.’ आपलंच वाक्य आहे, साहेब. फार सुंदर वाक्य आहे.”

कायदा स्पष्ट होता. केंद्रातून आणून दाखवलेल्या आठवणीवर आधी सुनावणी व्हायची, पण न्यायालयातच टोप चढून कर्तृस्मृती उमटली की त्या माणसाला जागच्या जागी ताब्यात घ्यायचं. पहाऱ्यावरचा हवालदार बेड्या घेऊन दोन पावलं पुढे आला आणि साहेबांकडे पाहून दीड पाऊल मागे गेला.

“साहेब,” तो अजिजीने म्हणाला, “जेवणाच्या सुट्टीनंतर घालू का?”

आणि दालन फुटलं. आधी हसू फुटलं, मग टाळ्या पडल्या, मग मागून कुणीतरी ओरडलं, “द्या फाशी!” ते सगळ्यांना एवढं आवडलं की अख्ख्या दालनाने ते उचललं. हातातले ‘फाशी नको’चे फलक तालात वरखाली करत समितीची माणसं “फाशी द्या! फाशी द्या!” ओरडू लागली. बाजीरावचा आवाज सगळ्यांत वर होता.

सोनाक्का न्यायाधीशांकडे बघत होती. टेबलाची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. शिक्षा ऐकताना जालिंदरने पिंजऱ्याचा कठडा असाच धरला होता. तिला ते बघून बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. इतकी वर्षं तिने या माणसाला मनातल्या मनात काय काय शाप दिले होते. आता नुसतं गप्प बसायचं होतं, बाकीचं गाव बघून घेणार होतं.

तिने भरल्या एसटीतला शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज काढला.

“ए गप्प! एकदम गप्प!”

दालन गप्प झालं.

“समिती कशाच्या विरोधात हाय आपली?”

“फाशीच्या,” दोघातिघांनी पुटपुटून सांगितलं.

“कुनाच्या फाशीच्या?”

“जालिंदरच्या.”

“आनि?”

हातातले फलक हळूहळू मांडीवर आले. शेवटी बाजीरावनेच विचारलं, “आक्का, साहेबांच्या पन?”

सोनाक्काने दातओठ खाल्ले. पिंजऱ्यातून जालिंदर तिच्याकडे बघत होता.

“साहेबांच्या पन,” ती म्हणाली. “लई जिवावर आलंय, पन साहेबांच्या पन. वकीलसाहेब, उद्यापास्नं ह्यांची बी केस आपल्याकडं घ्या.”

देशिंगकरांचे डोळे भरून आले. “बाई, तुमचे उपकार मी...”

“उपकार ऱ्हाऊ द्या,” सोनाक्का म्हणाली. “बेडी पडंस्तवर तुम्हीच जज्ज हाय. आधी माझ्या भावाचं लिवा.”

न्यायाधीशांनी घाईघाईने पेन उघडलं आणि लिहायला घेतलं. हवालदार बेड्या पाठीमागे लपवून, त्यांचं लिहून होईपर्यंत बाजूला उभा राहिला.